प्रवाळखडकांतील तोतया

पानिपतच्या संग्रामानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन होईपर्यंत त्याने पेशवाईतील भल्याभल्यांना पेचात टाकले, हा इतिहास मराठी माणसाला ठाऊक आहे. चेहरामोहरा सारखा, चालणेबोलणे सारखे. मग खरा कोण आणि खोटा कोण, हे ठरवावयाचे कशावरून? अगदी असाच पेच उष्ण कटिबंधातील समुद्रांत, पोवळ्यांच्या खडकांवर, माशांपुढे नित्य उभा राहत असतो. तेथील तोतया अर्ध्या वितीहून मोठा नसतो. परंतु त्याला ओळखण्यात चूक झाली, तर तिचे मोल जागच्या जागी, अंगाच्या लचक्याने चुकवावे लागते.

या प्रकरणातील खरे पात्र आधी ओळखून घेतले पाहिजे. परक्या माशांच्या अंगाची सफाई करणारा हा एक चिमुकला मासा आहे. ‘लॅब्रॉइडीज डिमिडिएटस’ हे त्याचे शास्त्रीय नाव. सोयीसाठी त्याला ‘सफाईवाला’ म्हणावयास हरकत नाही. पूर्ण वाढ झालेला सफाईवाला दहा-बारा सेंटिमीटरांचा, क्वचित चौदा सेंटिमीटरांचा भरतो. अंग सडपातळ, रंग पांढरट निळा, मुस्कटाकडे किंचित पिवळसर. मुस्कटाच्या टोकापासून निघालेला काळा पट्टा डोळ्यावरून सरळ मागे जातो आणि शेपटीकडे जाता जाता रुंदावतो. लाल समुद्र व आफ्रिकेचा पूर्व किनारा येथपासून प्रशांत महासागरातील दूरदूरच्या बेटांपर्यंत त्याचा वास आहे. लक्षद्वीप आणि अंदमान येथील प्रवाळखडकांवरही तो आढळतो.

त्याचा व्यवसाय मोठा चमत्कारिक आहे. खडकाचा एखादा उंचवटा किंवा पोवळ्याचा एखादा गड्डा हे त्याचे ठरलेले ठाणे. तेथे इतर मासे आपण होऊन येतात आणि अंग ढिले सोडून स्थिर राहतात. कोणी डोके वर करून उभा तरंगतो, कोणी पर पसरतो, कोणी अंगाचा रंग पालटतो, कोणी जबडा उघडतो. मग हा चिमुकला मासा त्यांच्या अंगावरून फिरतो; खवल्यांवरून, परांच्या मुळाशी, कल्ल्यांच्या झाकणाआड आणि खुद्द तोंडातही शिरतो आणि तेथे चिकटलेले रक्तशोषक परोपजीवी टिपून खातो. जो गोब्रा असे दहा मासे सहज गिळून टाकील, त्याच्याच जबड्यात सफाईवाला निर्धास्तपणे जातो आणि सुखरूप बाहेर येतो. केशकर्तनालयात गिऱ्हाइके पाळीची वाट पाहत बसावीत आणि ज्याची पाळी येईल त्याने मुकाट्याने मान पुढे करावी, तसाच हा देखावा समुद्रतळाशी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत चालतो. गिऱ्हाइकापुढे येताना सफाईवाला शेपटीकडील भाग वरखाली हलवीत एक विशिष्ट नाच करतो. काळा पट्टा आणि हा नाच, ही त्याच्या दुकानाची पाटी होय.

या व्यवसायाची उलाढाल केवढी आहे, याचा अंदाज ऑस्ट्रेलियातील संशोधिका अलेक्सांद्रा ग्रटर यांच्या मोजदादीवरून येतो. ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात असलेल्या लिझार्ड बेटापाशी त्यांनी निरीक्षणे केली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे एक सफाईवाला दिवसाकाठी सरासरी १,२०० च्या आसपास परोपजीवी खातो आणि २,००० हून अधिक वेळा माशांची तपासणी करतो. या परोपजीवींत मुख्य भरणा असतो तो खेकडे-कोळंबी यांच्याच वर्गातील बारीक प्राण्यांच्या पिल्लांचा. ही पिल्ले माशाच्या अंगाला चिकटून रक्त पितात आणि पोट भरले की गळून पडतात. १९९९ साली ग्रटर यांनी असेही दाखवून दिले की, जेथून सफाईवाले काढून घेतले होते तेथील माशांवर या पिल्लांची संख्या सुमारे चौपट झाली होती. तेव्हा सफाईवाल्यापाशी जाणे ही माशांची चैन नव्हे, ती त्यांची निकडीची गरज आहे.

जेथे इतक्या विश्वासाने जबडे उघडले जातात आणि पर पसरले जातात, तेथे त्या विश्वासाचा गैरफायदा घेणारा निघावा, हेही सृष्टिक्रमाला धरूनच आहे. ‘ॲस्पिडॉण्टस टीनिएटस’ हा तो तोतया. कुळाने तो सफाईवाल्याचा कोणीही नव्हे. सफाईवाला लॅब्रिडी कुलातील, तर तोतया ब्लेनिइडी कुलातील. या दुसऱ्या कुळातील मासे बहुधा खडकांच्या सांदीकोपऱ्यांत राहणारे, तळाशी वावरणारे असतात. असे असूनही तोतयाने सफाईवाल्याचे सोंग हुबेहूब वठविले आहे. लांबी तीच, निळसर पांढरे अंग तेच, काळा पट्टा शेपटीकडे तसाच रुंदावत गेलेला आणि नाचही तोच. पोरवयातील काळसर सफाईवाल्याच्या पाठीवर झळझळीत निळी रेघ असते. तोतयाच्या पिल्लाचे सोंगही त्याच वळणाचे असते. प्रशांत महासागरातील काही बेटांजवळ सफाईवाल्याच्या रंगात स्थानिक फरक आढळतात, आणि त्या त्या ठिकाणचा तोतयाही तेच फरक उचलतो. ज्या गावी जावे त्या गावची बोली बोलावी, असा हा बहुरूपी आहे.

या दोघांच्या नामकरणाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. तोतयाला शास्त्रीय नाव मिळाले ते १८३४ साली. ‘आस्त्रोलाब’ या फ्रेंच जहाजाबरोबर १८२६ ते १८२९ या काळात सफरीवर गेलेल्या क्वा आणि गेमार या दोन शस्त्रवैद्यांनी त्याचे वर्णन केले. खऱ्या सफाईवाल्याचे वर्णन आशील व्हालाँसिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने केले ते १८३९ साली. म्हणजे शास्त्राच्या दप्तरात तोतयाची नोंद आधी झाली आणि खऱ्याची पाच वर्षांनी! यातील कोणाचीही फसगत झाली नाही, कारण त्यांच्यापुढे मेलेले मासे होते. मद्यार्कात बुडविलेल्या माशाचा नाच दिसत नाही आणि त्याचे रंगही हळूहळू उडून जातात. राहतात ती हाडे, दात, पर आणि काटे. त्यांच्याकडे पाहिल्यावर दोन कुळांत घोटाळा होण्याचे कारणच उरत नाही. एक मासा दुसऱ्याचे सोंग घेतो आहे, हे मात्र त्या पंडितांना कळण्याचा मार्ग नव्हता.

तो मार्ग मोकळा झाला तो पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्यात बुडी घेण्याचे साधन निघाल्यावर. दुसऱ्या महायुद्धानंतर अभ्यासकांना प्रवाळखडकांजवळ तास तास थांबून जिवंत माशांचे वर्तन पाहता येऊ लागले. अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ जॉन रँडल यांनी १९५८ साली सफाईवाल्यांच्या संपूर्ण वंशाचा आढावा प्रसिद्ध केला. हान्स हास यांच्या ‘झारिफा’ या जहाजावरून १९५७-५८ साली हिंदी महासागरात मालदीव, निकोबार अशी सफर झाली; तीत आयब्ल-आयबेसफेल्ट हे ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ होते. तोतया हा सफाईवाल्याची नक्कल करतो, असे प्रतिपादन करणारा त्यांचा निबंध १९५९ साली प्रसिद्ध झाला. जो मासा सव्वाशे वर्षे केवळ बाटलीत ओळखीचा होता, त्याचा खरा धंदा तेव्हा कोठे उजेडात आला.

आता प्रश्न असा की, पाण्यातून झरझर जाणारा, निळसर अंगाचा, काळ्या पट्ट्याचा एखादा मासा दिसला, तर त्याची ओळख पटवावी कशी? रंगावर विसंबून चालत नाही, कारण नक्कल झाली आहे ती नेमकी रंगाची. नाचावरही विसंबता येत नाही. जी गोष्ट सोंगात सहजासहजी बदलता येत नाही, ती पाहिली पाहिजे; आणि ती म्हणजे शरीराची घडण.

पहिली आणि सर्वांत भरवशाची खूण तोंडाची. सफाईवाल्याचे तोंड मुस्कटाच्या अगदी टोकाशी असते, कारण त्याला चिमट्याने टिपावे तसे परोपजीवी टिपावयाचे असतात. तोतयाचे मुस्कट पुढे आलेले असते आणि तोंड त्याच्या खालच्या अंगास, मुशीच्या तोंडासारखे असते. बाजूने पाहिले असता तोतयाचे मुस्कट तोंडावर छपरासारखे आलेले दिसते. त्या तोंडाच्या आत, खालच्या जबड्यात, दोन मोठे वाकडे सुळे असतात. सफाईवाल्यालाही दात आहेत, परंतु असे सुळे त्याच्यापाशी नाहीत.

दुसरी खूण पाठीवरील पराची. सफाईवाल्याच्या पाठीवरील पर डोक्याच्या बराच मागे सुरू होतो. त्यात बहुधा ९ टणक काटे आणि १० ते १२ मऊ किरण असतात. तोतयाचा पर थेट डोक्याच्या मागील कडेपासून शेपटीपर्यंत झालरीसारखा लांबलचक पसरलेला असतो. त्यात १० ते १२ काटे आणि २६ ते २८ किरण मोजता येतात. पाण्यात काटे मोजता येत नाहीत, हे खरे. पण झालर कोठे सुरू होते, हे सरावलेल्या डोळ्याला दिसते. तिसरी खूण अंगाची. सफाईवाल्याच्या अंगावर बारीक खवले असतात, तोतयाच्या अंगावर खवलेच नसतात. ही खूण मासा हातात आल्यावरच उपयोगी पडते. चौथी खूण राहणीची. सफाईवाल्याचे ठाणे उघड्यावर असते आणि तेथे गिऱ्हाइकांची वर्दळ असते. तोतया एखाद्या अरुंद बिळात किंवा नळीकृमींच्या रिकाम्या नळीत, शेपटी आत घालून, डोके तेवढे बाहेर काढून बसलेला दिसतो. सफाईवाल्याला लपावयाचे कारण नसते. तोतयाला पळून जाण्याची वाट लागते.

या खुणा मनुष्याच्या झाल्या. माशांचे काय? ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण त्यांना सर्वांत आधी लागू पडते. निर्धास्तपणे पर पसरून थांबलेल्या माशाकडे तोतया नाचत येतो आणि परांचा तुकडा तोडून नाहीसा होतो. यात विशेष असे की, सर्वच मासे सारख्या प्रमाणात फसत नाहीत. फसतात ती मुख्यत्वे पोरवयातील मासळी. एकाच जागी वर्षानुवर्षे राहणारे जुने मासे एकदोन लचके गमावल्यावर शहाणे होतात. आपल्या भागातील सफाईवाले कोण, त्यांचे ठाणे कोठे, हे त्यांच्या परिचयाचे होते आणि ठाण्यावाचून नाचत येणाऱ्या आगंतुकाला ते अंगाशी येऊ देत नाहीत. प्रसंगी त्याचा पाठलागही करतात.

म्हणूनच तोतयांची संख्या खऱ्यांच्या मानाने थोडी असणे, हे तोतयांच्याच हिताचे असते. बाजारात खरी नाणी पुष्कळ आणि खोटे एखादेच असले, म्हणजे ते सहज खपून जाते. खोटी नाणी वाढली की प्रत्येक दुकानदार नाणे वाजवून घेऊ लागतो. हा नियम दुसऱ्या एका नक्कल्यावर तपासून पाहण्यात आला आहे. ‘प्लॅजिओट्रीमस रायनोऱ्हिंकस’ हा ब्लेनिइडी कुलातीलच मासा. हा पोरवयातील काळ्या-निळ्या सफाईवाल्याचे सोंग घेतो आणि इतर माशांच्या अंगावर हल्ले करतो. कॅरन चीनी आणि इझाबेल कोते या संशोधिकांना असे आढळले की, सफाईवाल्यांच्या मानाने या नक्कल्यांचे प्रमाण जेथे वाढते, तेथे त्यांच्या हल्ल्यांना यश कमी येते. इतकेच नव्हे, तर हा मासा आपले निळे-काळे सोंग उतरवून तपकिरी किंवा हिरवट रंगही धारण करू शकतो, ही गोष्ट त्यांनी २००५ साली जाहीर केली. ज्या माशाचा रंगच पालटतो, त्याची ओळख रंगावरून सांगणे किती धोक्याचे, हे येथे स्पष्ट होते.

तोतयाविषयीच्या जुन्या समजुतीलाही पुढे दुरुस्ती करावी लागली. तो केवळ परांचे लचके तोडण्यासाठीच सोंग घेतो, असे प्रथम मानले जाई. जपानी शास्त्रज्ञ तेत्सुओ कुवामुरा यांनी या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास करून १९८३ साली निराळे चित्र मांडले. तोतयाच्या आहारात परांचे तुकडे थोडेच असतात. त्याचा मुख्य आहार म्हणजे नळीकृमींचे झुबकेदार तंतू आणि इतर माशांनी तळाशी घातलेली अंडी. लचके तोडतात ते विशेषेकरून लहान तोतये. मोठे झाल्यावर ते प्रसंगी टोळीने अंड्यांवर धाड घालतात. मग सोंगाचा उपयोग काय? तर संरक्षण. सफाईवाल्याला सहसा कोणी खात नाही. त्याचा पोशाख चढविला, म्हणजे तोच अभय तोतयाला लाभतो आणि तो उघड्यावर बेधडक हिंडू शकतो. लचका हा त्याचा जोडधंदा, जीवरक्षण हा मुख्य धंदा.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की, खरा सफाईवाला म्हणजे काही संत नव्हे. माशांच्या अंगावरील बुळबुळीत चिकट थर त्याला परोपजीवींहूनही अधिक आवडतो, असे ग्रटर आणि रेडुआन ब्शारी यांनी प्रयोगांनी दाखविले. संधी मिळताच तो या थराचा घास चोरतो. गिऱ्हाईक दचकते, निघून जाते किंवा त्याच्या मागे लागते. जवळ थांबलेले दुसरे मासे हा प्रकार पाहत असतात. जो सफाईवाला सचोटीने काम करताना दिसतो, त्याच्याकडे ते अधिक वेळ थांबतात, असे या दोघांच्या २००६ मधील प्रयोगांत आढळून आले. म्हणजे प्रवाळखडकावर नुसती जात ओळखून भागत नाही. व्यक्तीही पारखावी लागते.

मनुष्याला या ओळखीशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर लिझार्ड बेटापाशी झालेल्या एका दीर्घ प्रयोगात आहे. तेथील काही छोट्या खडकांवरून सफाईवाले काढून टाकण्यात आले आणि साडेआठ वर्षे ते खडक तसेच राखण्यात आले. २०११ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सफाईवाले असलेल्या खडकांच्या तुलनेत या खडकांवर कायम वस्ती करणाऱ्या माशांची संख्या ३७ टक्क्यांनी आणि त्यांच्या जातींची संख्या २३ टक्क्यांनी कमी भरली. एवढ्याशा माशावर सगळ्या वस्तीची भरभराट अशी अवलंबून असते. यास्तव एखाद्या खडकावर सफाईवाले किती, याची मोजदाद करणाऱ्याने तोतयांना सफाईवाले म्हणून मोजले, तर त्या खडकाच्या प्रकृतीविषयीचे अनुमानच चुकेल.

मत्स्यालयांच्या शोभेसाठीही सफाईवाला समुद्रातून पकडून विकला जातो. काचेच्या टाकीत परोपजीवी पुरेसे नसल्याने त्याची उपासमार होण्याचा संभव मोठा असतो, आणि ज्या खडकावरून तो उचलला, तेथील गिऱ्हाइके वाऱ्यावर पडतात ती वेगळीच. त्यातून विकत घेणाऱ्याच्या पदरी सफाईवाल्याऐवजी तोतया पडला, तर टाकीतील इतर माशांचे पर कुरतडले जाऊ लागतात. काचेपाशी एक क्षण थांबून तोंड टोकाशी आहे की मुस्कटाखाली आहे, एवढे पाहिले असते, तर ही फसगत टळली असती.

ज्याच्या चेहऱ्याची अशी चोरी होते, त्या सफाईवाल्याविषयी एक नवलाची गोष्ट २०१९ साली पुढे आली. जपानमधील मासानोरी कोहदा आणि त्यांचे सहकारी यांनी या माशांच्या गळ्यावर तपकिरी ठिपका उमटविला आणि त्यांना आरसा दाखविला. आरशात ठिपका दिसल्यावर मासे आपला गळा तळावर घासू लागले. जणू चिकटलेला परोपजीवी काढून टाकावा. आरसा नसताना किंवा ठिपका रंगहीन असताना त्यांनी तसे केले नाही. आरशातील प्रतिमा आपलीच आहे, हे या माशाला कळते, असा अर्थ या शास्त्रज्ञांनी लावला. माशाच्या ठिकाणी एवढी जाण मानावी की नाही, याविषयी इतर शास्त्रज्ञांत मतभेद झाले. परंतु पुढील प्रयोगांनीही कोहदा यांच्या मताला बळकटी दिली आहे.

पेशवाईतील तोतयाची चौकशी पंचांपुढे झाली. समुद्रातील तोतयाला पंच नाहीत. तेथे ज्याची चौकशी त्याने स्वतःच करावयाची असते, तीही क्षणार्धात. जुने मासे अनुभवाने शिकतात, पोरसवदा मासे लचका गमावून शिकतात. पाहणाऱ्या मनुष्याला मात्र शिकण्यासाठी काहीच गमवावे लागत नाही. काळा पट्टा आणि नाच यांच्यावर भुलू नये, आधी तोंड कोठे आहे ते पाहावे, एवढी खूणगाठ त्याने मनाशी बांधली, म्हणजे पुरे.